चिठ्ठी घरी गेली, पण परत आली का? : मुलांचे दात, आपले कायदे आणि आपली शाळा



'दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत' ही म्हण आपण एरवी म्हाताऱ्या माणसांवरून वापरतो. मागच्या वर्षी मला ती तिसरीच्या वर्गात आठवली. शालेय पोषण आहारात त्या दिवशी भात आणि हरभऱ्याची उसळ होती. एक मुलगी भात तेवढा खायची आणि उसळ शेजारणीच्या ताटात टाकायची. "आवडत नाही का गं?" म्हटलं तर मान हलवून म्हणाली, "आवडते बाई, पण दुखतं." आणि उजव्या गालाला हात लावला.

तिचा दात किडलाय हे मला माहीत होतं. शाळेतली आरोग्य तपासणी ऑगस्टमध्येच झाली होती. तिच्या कार्डावर 'दंतक्षय, पुढील उपचार आवश्यक' असं लिहिलेलं होतं. मी चिठ्ठी घरी पाठवली, आईची सही आणली आणि रजिस्टरमध्ये 'पालकांना कळविले' या रकान्यात टिकमार्क केली. माझ्या लेखी काम संपलं होतं.

दिवाळीनंतर ती आली ती गाल सुजवून, अंगात ताप घेऊन. आईला बोलावलं. आई चार घरची धुणीभांडी करते. म्हणाली, "बाई, दुधाचाच हाय ना, पडंल की आपला." पण ती दाढ दुधाची नव्हती. शेवटी ती काढावी लागली. आठव्या वर्षी त्या मुलीची कायमची दाढ गेली.

त्या टिकमार्कने मला बरेच दिवस झोप लागू दिली नाही. मुलांच्या दातांसाठी आपल्याकडे नेमके कोणते कायदे आणि योजना आहेत, त्या कुठपर्यंत पोहोचतात आणि कुठे थांबतात, हे मी शोधायला लागले. तेच आजच्या पाठात मांडते आहे.

१. आधी थोडं विज्ञान : सहा वर्षांची दाढ

मुलांना एकूण २० दुधाचे दात असतात. साधारण सहाव्या वर्षी, म्हणजे मूल पहिलीत असताना, दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे एक नवी दाढ येते. वर दोन, खाली दोन. ही कायमची पहिली दाढ. ती येताना आधीचा कुठलाच दात पडत नाही, म्हणून घरच्यांना पत्ताच लागत नाही. 'सगळे दुधाचेच आहेत' असं समजून तिच्याकडे दुर्लक्ष होतं. तिच्या माथ्यावर खोल खाचा असतात, त्यात अन्न अडकतं आणि कीड तिथूनच सुरू होते.

'दुधाचा दात पडणारच आहे, त्यावर कशाला खर्च' हा समजही तपासून पाहायला हवा. दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. म्हणजे जवळपास सगळी प्राथमिक शाळा मूल त्याच दाढांनी जेवतं. शिवाय त्या खालून येणाऱ्या दाताची जागा राखून ठेवतात. वेळेआधी काढाव्या लागल्या तर शेजारचे दात सरकतात आणि नवे वाकडे येतात. मुळाशी पू झाला तर खाली तयार होणाऱ्या कायमच्या दातालाही इजा होऊ शकते.

दात किडतो कसा, हे मुलांना सोप्या शब्दांत सांगता येतं. तोंडातले जिवाणू साखर खातात आणि आम्ल तयार करतात. ते आम्ल दाताच्या कठीण आवरणातले क्षार विरघळवतं. लाळ ते क्षार हळूहळू परत भरून काढते, पण तिला वेळ मिळायला हवा. म्हणून किती गोड खाल्लं याच्याइतकंच किती वेळा खाल्लं हे महत्त्वाचं ठरतं. जेवणानंतर एक लाडू खाणारं मूल आणि दिवसभर दर अर्ध्या तासाला एक गोळी चघळणारं मूल, यात दुसऱ्याचे दात लवकर किडतात.

हा त्रास फक्त आपल्या वर्गातला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगभरात ५१ कोटींहून अधिक मुलांच्या दुधाच्या दातांना कीड आहे.

२. पहिला कायदा : तंबाखू तोंडापासून लांब ठेवणारा

महाराष्ट्रात दातांशी थेट भिडणारे कायदे आले ते तंबाखूच्या बाबतीत. आपल्याकडे मशेरीची जुनी सवय. तंबाखू तव्यावर भाजायची, कुटायची आणि तीच दाताला लावायची. आई लावते म्हणून मुलगीही बोट फिरवून बघते. बाजारातही तंबाखू घातलेल्या पावडरी आणि पेस्ट मिळायच्या. १९९२ साली केंद्र सरकारने औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरायला बंदी केली. ती कोर्टात गेली आणि १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवली.

गुटख्याची गोष्ट तर नागरिकशास्त्राच्या तासाला सांगण्यासारखी आहे. महाराष्ट्राने २००२ मध्ये गुटखाबंदी केली. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण तेव्हाच्या अन्नभेसळ कायद्याने अशी बंदी घालण्याचा अधिकार राज्याच्या अधिकाऱ्याला दिलेलाच नव्हता. पुढे २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा आला. त्यात राज्याच्या अन्न सुरक्षा आयुक्तांना एका वर्षापर्यंत बंदी घालण्याचा अधिकार मिळाला. त्याच्या आधारे जुलै २०१२ मध्ये राज्याने पुन्हा बंदी केली आणि दरवर्षी नवा आदेश काढून ती पुढे चालू ठेवली. मुलांना मी विचारते, "हेतू तोच होता, मग पहिली बंदी का टिकली नाही?" उत्तर त्यांना सापडतं : अधिकार कुणाला आणि कोणत्या कलमाने, हे नीट लिहिलेलं असेल तरच कायदा उभा राहतो.

आणखी दोन तरतुदी प्रत्येक शिक्षकाला पाठ असाव्यात. २००३ च्या तंबाखूविरोधी कायद्याच्या कलम ६ नुसार १८ वर्षांखालील व्यक्तीला तंबाखू विकता येत नाही आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत तर ती कुणालाच विकता येत नाही. २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या कलम ७७ नुसार मुलाला तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. घरात तव्यावर भाजलेल्या मशेरीपर्यंत मात्र पोलीस पोहोचत नाहीत. तिथे आपली पालकसभाच कामी येते.

३. दुसरा कायदा : साखरेचा

मे २०१७ मध्ये महाराष्ट्र शासनाने शाळांच्या उपाहारगृहांत जास्त साखर, मीठ आणि चरबी असलेले पदार्थ विकायला मनाई केली. नंतर अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२० मध्ये देशभरासाठी नियम केले. त्यानुसार असे पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरपर्यंत विकता येत नाहीत. मे २०२५ मध्ये सीबीएसईने आपल्या शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितलं. रोजची साखर किती असावी आणि नेहमीच्या खाऊत ती किती असते, हे मुलांना दिसेल असा तो फलक. आपल्या मराठी शाळांनीही तो लावायला काय हरकत आहे? त्यासाठी एक पुठ्ठा आणि एक स्केचपेन पुरतो.

आता हे नियम लिहिलेत छान, पण मधल्या सुट्टीत फाटकाबाहेर काय चित्र असतं ते आपण सगळे बघतो. गोळ्या, रंगीत पेप्सी, पाच रुपयांची पाकिटं. विकणाऱ्या मावशीचं पोटही त्यावरच चालतं, त्यामुळे नुसतं हाकलून भागत नाही. आमच्या फाटकाबाहेरच्या मावशींशी आम्ही बोललो. आता त्या उकडलेल्या शेंगा, पेरू आणि काकडीही ठेवतात. गोळ्या पूर्ण गेल्या नाहीत, कमी झाल्या.

४. तिसरी गोष्ट : तपासणीची योजना

६ फेब्रुवारी २०१३ रोजी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला आणि त्याची देशपातळीवरची सुरुवात महाराष्ट्रातच, तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघरला झाली. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी, तीही चार गोष्टींसाठी : जन्मजात दोष, आजार, कमतरता आणि वाढीतला विलंब. सुरुवातीला एकूण ३० बाबी ठरल्या. त्यात दंतक्षय आहे, दुभंगलेले ओठ आणि टाळूही आहेत. फिरत्या पथकात दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असतात. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा तपासणी व्हावी असं ठरलं आहे. पथकात दंतवैद्य नसतो, हे लक्षात ठेवायला हवं. पथकाचं काम दोष हेरून मुलाला पुढे पाठवण्याचं.

याशिवाय केंद्राचा राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ पासून आहे. ३० मे २०२३ रोजी महाराष्ट्राने 'स्वच्छ मुख अभियान' सुरू केलं आणि सचिन तेंडुलकर त्याचे सदिच्छादूत झाले. दात घासा, चूळ भरा, चांगलं खा, तंबाखूपासून लांब राहा आणि वर्षातून दोनदा दंतवैद्याकडे जा, हा त्याचा संदेश.

५. मग अडतं कुठे?

वरच्या सगळ्या गोष्टी एका ओळीत ठेवून बघा. तंबाखू रोखायला कायदा आहे, साखर रोखायला नियम आहेत, कीड शोधायला योजना आहे. किडलेली दाढ अमुक महिन्यांच्या आत भरून मिळेल असं आईला लिहून देणारी तरतूद मला कुठे सापडली नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना मोठ्या आजारांत फार उपयोगी आहे. पण ती प्रामुख्याने रुग्णालयात दाखल करून करायच्या उपचारांसाठी आहे. दाढेत सिमेंट भरणं तिच्या चौकटीत बसत नाही.

पुण्यात दंतवैद्य कमी आहेत असं कुणी म्हणणार नाही. पेठांतल्या प्रत्येक गल्लीत पाटी दिसते. धनकवडी, वडगाव बुद्रुक, कॅम्पातलं आझम कॅम्पस अशा ठिकाणी खासगी दंत महाविद्यालयं आहेत आणि तिथल्या बाह्यरुग्ण विभागात कमी खर्चात उपचार होतात. ससूनमध्ये दंतविभाग आहे. तरीही त्या मुलीची दाढ गेली. का?

मी तिच्या आईला नंतर शांतपणे विचारलं. कारणं साधी होती. चिठ्ठीवर कुठे जायचं ते लिहिलेलं नव्हतं. गेलं तर किती पैसे लागतील ते माहीत नव्हतं. एक दिवस गेलं की चार घरी खाडा. एका खेपेत काम होईल याची खात्री नाही, म्हणजे दोन-तीन खाडे. आणि मुलीचं दुखणं येऊन-जाऊन होतं. सुजल्यावर जवळच्या खासगी दवाखान्यात नेलं, तिथे दाढ वाचवायचा जो खर्च सांगितला तो त्यांच्या महिन्याच्या किराण्याएवढा होता. काढून टाकणं स्वस्त पडलं.

६. इतरांनी काय केलं?

अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याची हकिगत ऐकून अंगावर काटा येतो. फेब्रुवारी २००७ मध्ये डीमॉन्टे ड्रायव्हर नावाचा १२ वर्षांचा मुलगा दगावला. किडलेल्या दाढेचा संसर्ग मेंदूपर्यंत गेला होता. घरची गरिबी, सरकारी आरोग्य विम्याचं संरक्षण तुटलेलं. दाढ काढायला ८० डॉलर पुरले असते, रुग्णालयाचा खर्च अडीच लाख डॉलरच्या घरात गेला. त्यानंतर मेरीलँडने गरीब मुलांवर उपचार करणाऱ्या दंतवैद्यांचा मोबदला वाढवला आणि दंत-आरोग्य सेवकांना शाळांसारख्या ठिकाणी जाऊन काम करायला मोकळीक दिली. २००९ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने मुलांच्या सरकारी विम्यात दातांचे उपचार बंधनकारक केले.

कॅलिफोर्नियाने २००६ मध्ये कायदा करून मूल पहिल्यांदा सार्वजनिक शाळेत येतं त्या वर्षी दंततपासणीचा अहवाल मागायला सुरुवात केली.

मला सगळ्यात आवडली ती जपानची पद्धत. तिथे कायद्यानुसार शाळेला शालेय दंतवैद्य नेमलेला असतो आणि दरवर्षी तपासणी होते. दोष सापडला की मुलासोबत चिठ्ठी घरी जाते. उपचार करणारा दंतवैद्य त्या चिठ्ठीवर 'उपचार झाला' असं लिहून सही करतो आणि ती चिठ्ठी शाळेत परत येते. आमच्याकडची चिठ्ठी पालकांच्या सहीने संपते. तिकडची डॉक्टरांच्या सहीने संपते.

बाहेरचं सगळंच जसंच्या तसं आणता येत नाही, हेही सांगायला हवं. अमेरिकेत १९४५ पासून अनेक शहरांच्या पाण्यात दातांसाठी फ्लोराइड मिसळतात. आपल्याकडे चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड जिल्ह्यांतल्या काही गावांत जमिनीतल्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे आणि त्याने मुलांचे दात पिवळे-तपकिरी होतात. तिथे ते कमी करायची गरज आहे.

७. महाराष्ट्रात असा कायदा झाला तर त्यात काय असावं?

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत 'सार्वजनिक आरोग्य' हा विषय राज्यसूचीत आहे. म्हणजे आपली विधानसभा हा कायदा करू शकते. एक शिक्षिका म्हणून माझी यादी अशी :

• पहिलीत आणि पाचवीत प्रत्येक मुलाची दंततपासणी दंतवैद्याकडूनच व्हावी. पहिलीत सहा वर्षांची दाढ येते, पाचवीत दुधाच्या दाढा पडत असतात.
• कीड सापडली तर ठरावीक मुदतीत मोफत उपचार मिळावा आणि तो कोणत्या दवाखान्यात, कोणत्या वारी, हे चिठ्ठीवर छापलेलं असावं.
• नव्या दाढांच्या खाचा बुजवणं आणि फ्लोराइडचा लेप देणं, ही कामं शाळेतच करण्याची सोय असावी. म्हणजे आईचा खाडा होणार नाही.
• दंत महाविद्यालयांकडे आसपासच्या शाळा नेमून द्याव्यात. पुण्यासारख्या शहरात हे सहज जमण्यासारखं आहे.
• रजिस्टरमध्ये 'कळविले' याच्या पुढे 'उपचार झाला' हा रकाना असावा आणि अहवालात मोजणी त्याचीच व्हावी.

८. तोपर्यंत वर्गात आणि घरी

कायदा होईल तेव्हा होईल. आपण या महिन्यापासून एवढं करू शकतो :

गणिताचा तास : फाटकापासून ५० मीटर आणि १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर, टेपने मोजा. त्या दोन रेषांच्या आत काय काय विकलं जातं ते मुलांनी वहीत लिहावं. विकणाऱ्यांची नावं लिहायची नाहीत, फक्त पदार्थ.

परिसर अभ्यास : पाकिटामागचा तक्ता वाचा. चार ग्रॅम साखर म्हणजे साधारण एक चमचा. १०० मिलीत ११ ग्रॅम लिहिलं असेल तर २०० मिलीच्या बाटलीत २२ ग्रॅम, म्हणजे साडेपाच चमचे. एवढी साखर ग्लासात घालून दाखवा. मुलं 'ईऽऽ' म्हणतात आणि ते त्यांच्या कायमचं लक्षात राहतं.

जेवणानंतर : पोषण आहार झाला की सगळ्यांनी खळखळून चूळ भरायची. बाईंनीसुद्धा.

पालकांसाठी : रात्री झोपण्याआधीचं दात घासणं सकाळच्यापेक्षा जास्त गरजेचं आहे, कारण झोपेत लाळ कमी सुटते. फ्लोराइड असलेली पेस्ट तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पुरते. सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्या माणसाने हात धरून घासून द्यावेत. बाळाला दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नये. आणि मूल सहा वर्षांचं झालं की उजेडात तोंड उघडायला लावून मागच्या नव्या दाढा बघाव्यात. दुखण्याची वाट पाहू नये.

शिक्षकांसाठी : आपल्या शाळेजवळ कमी खर्चात दात बघणारं ठिकाण, तिथली वेळ आणि केसपेपरची फी स्वतः विचारून या आणि चिठ्ठीमागे लिहा. महापालिकेच्या जवळच्या दवाखान्यातही चौकशी करा.

यंदा आमच्या वर्गात तपासणीनंतर अकरा चिठ्ठ्या घरी गेल्या. मी रजिस्टरमध्ये पट्टीने एक जादा रकाना आखला. पालकसभेत आयांपुढे अक्षरशः दाताच्या कण्या केल्या. शेवटी एका शनिवारी सहा आया मिळून मुलांना एकत्र घेऊन गेल्या, म्हणजे एकीने रांगेत थांबायचं आणि बाकीच्यांनी आळीपाळीने काम उरकून यायचं. आजवर सात चिठ्ठ्या डॉक्टरांच्या सहीने परत आल्या आहेत. चार यायच्या आहेत.

ती मुलगी आता चौथीत आहे. उसळ डाव्या बाजूने चावून खाते. तिची धाकटी बहीण यंदा पहिलीत आली. परवा तीच बहिणीला हात धरून माझ्याकडे घेऊन आली आणि म्हणाली, "बाई, हिची मागची दाढ आली का ते बघा ना."

आली आहे. पुढच्या शनिवारी तिचाही नंबर आहे.

तुमच्या शाळेत किती चिठ्ठ्या गेल्या आणि किती परत आल्या, हे एकदा रजिस्टर उघडून मोजून बघा.